मेलाटोनिनची गोळी मेंदूच्या पेशींना खरोखर वाचवते का?

शिरोलीकर

नमस्कार. माझे वडील ६७ वर्षांचे आहेत. शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत त्यांनी ३१ वर्षे मोल्डिंगचे काम केले आणि त्यातला बराच काळ तिसऱ्या पाळीत गेला. दोन वर्षांपूर्वी उजव्या हाताला कंप सुरू झाला, पासबुकावरची सही बारीक होत होत बँकेत जुळेनाशी झाली आणि तपासणीअंती पार्किन्सनचे निदान झाले. त्यासाठी लेव्होडोपा हे औषध सुरू आहे आणि त्याने चालणे-फिरणे बरेच सुधारले आहे.

दिवाळीत अमेरिकेहून आलेल्या आतेभावाने मेलाटोनिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्यांची बाटली आणली. त्याचे म्हणणे असे की हे द्रव्य केवळ झोपेसाठी नाही, ते शरीरातच तयार होणारे जबरदस्त अँटिऑक्सिडंट आहे आणि चेतापेशींना ऑक्सिजनमुळे जी इजा होते ती ते थांबवते. रात्रपाळी करणाऱ्यांच्या अंगात ते कमी तयार होते, म्हणून बाबांनी तर ते घ्यायलाच हवे. त्याने काही शोधनिबंधही पाठवले. ते वाचून मला एवढेच समजले की बहुतेक प्रयोग उंदरांवर झालेले आहेत.

बाटली देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात तशीच आहे, सीलही तोडलेले नाही. बाबा मात्र रोज जेवण झाल्यावर विचारतात, "ती गोळी कधी सुरू करायची?" त्यांना त्या गोळीची आशा लागली आहे, आणि ती आशा खरी की खोटी हे मला ठरवता येत नाही. या विषयाचा अभ्यास असलेल्यांनी समजावून सांगावे, ही विनंती. डॉक्टरांना विचारणारच आहे, पण त्यांच्यासमोर बसण्याआधी नेमके काय विचारायचे ते मला कळायला हवे.

सूक्ष्मदर्शी

शिरोलीकर, प्रश्न फार नेमका आहे. मी कोल्हापुरात महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते, वैद्य नाही. त्यामुळे रसायनाबद्दल लिहिते, उपचाराबद्दल नाही.

आधी ऑक्सिजनमुळे होणारी इजा, म्हणजे पेशींचे जणू 'गंजणे', काय असते ते पाहू. मेंदूचे वजन शरीराच्या साधारण २ टक्के असते, पण विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढा ऑक्सिजन वापरते त्यातला सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. पेशीतल्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, हा ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतात आणि त्या खटाटोपात काही इलेक्ट्रॉन वाटेतच निसटून ऑक्सिजनला चिकटतात. त्यातून सुपरऑक्साइड बनते, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि जवळ लोहाचा मोकळा आयन असेल तर त्यापासून हायड्रॉक्सिल मूलक (फ्री रॅडिकल). हे हायड्रॉक्सिल सगळ्यांत दांडगे. ते सेकंदाचा अब्जावा भागच टिकते, पण तेवढ्यात शेजारी जे सापडेल त्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेते, मग ते स्निग्धाम्ल असो, प्रथिन असो की डीएनए. चेतापेशींच्या आवरणात असंपृक्त स्निग्धाम्ले भरपूर असतात आणि तेल खवट होते तशी ती साखळीने बिघडत जातात. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणारे कॅटालेज हे विकर (एन्झाइम) मेंदूत यकृताच्या मानाने फारच कमी, आणि मेलेल्या चेतापेशीची जागा भरून निघणे जवळजवळ अशक्य.

पार्किन्सनमध्ये मध्यमेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात. तिथे लोह जास्त असते आणि डोपामिनचे विघटन होतानाच पेरॉक्साइड तयार होते, म्हणजे त्या पेशींच्या घरातच ठिणगी आहे. म्हणून या आजारात अँटिऑक्सिडंटचा विचार होणे साहजिक होते.

आता मेलाटोनिन. १९५८ साली येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ आरन लर्नर यांनी गायीगुरांच्या मेंदूतल्या पीनियल नावाच्या हजारो लहान ग्रंथींमधून ते वेगळे केले. ते कोडावर औषध शोधत होते, कारण या ग्रंथीच्या अर्काने बेडकाच्या पिल्लांची कातडी फिकी पडते हे १९१७ पासून माहीत होते. आहारातल्या ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन आणि सेरोटोनिनपासून दोन पायऱ्यांनी मेलाटोनिन, अशी त्याची घडण आहे. हा रेणू पाण्यातही मिसळतो आणि स्निग्धातही, त्यामुळे रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत तो सहज ओलांडतो.

१९९३ साली तान, रायटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की मेलाटोनिन हायड्रॉक्सिल मूलकाला स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन शांत करते. पुढे असेही दिसले की एक रेणू दोन हायड्रॉक्सिल मूलके टिपतो आणि त्यातून जे पदार्थ तयार होतात, त्यांपैकी एएफएमके आणि एएमके या नावांचे दोन, तेही पुढे मूलके टिपत राहतात. जीवनसत्त्व क चे तसे नसते. एकदा इलेक्ट्रॉन दिला की ते पुन्हा पूर्ववत करावे लागते आणि मोकळे लोह असेल तर कधी कधी ते उलट इजेला हातभारही लावते. या बाबतीत मेलाटोनिन रसायन म्हणून खरोखर देखणे आहे. तुमच्या आतेभावाने सांगितलेले परीक्षानळीपुरते खोटे नाही.

पंचगंगाकाठ

सूक्ष्मदर्शी ताई, खवट तेलाच्या उदाहरणाने माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसालाही हा विषय पहिल्यांदा समजला. पुढचे वाचण्यासाठी थांबलो आहे.

वजनकाटा

मी ३४ वर्षे औषधांचे दुकान चालवले आणि औषधनिर्माणशास्त्र शिकलेलो आहे. सूक्ष्मदर्शी यांनी लिहिलेले बरोबर आहे, परंतु 'परीक्षानळीपुरते' या शब्दावर थांबायला हवे, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

प्रमाण बघा. निरोगी तरुण माणसाच्या रक्तात मध्यरात्रीनंतर मेलाटोनिन सर्वाधिक असते तेव्हा ते एका मिलिलिटरमध्ये १०० पिकोग्रॅमच्या आसपास असते. दिवसा १० च्या खाली. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. रेणूंच्या हिशेबाने त्याच रक्तात जीवनसत्त्व क त्याच्या लाखपटीच्या आसपास असते आणि पेशींच्या आत ग्लुटाथायोन त्याहूनही कितीतरी जास्त. हायड्रॉक्सिल मूलक शेजारी जे सापडेल त्याला धरते, असे वर लिहिलेच आहे. मग लाखात एक असलेला मेलाटोनिनचा रेणू नेमका त्याच्या शेजारी असण्याची शक्यता किती? गोळी घेतल्यावर पातळी अनेक पटींनी वाढते हे खरे, पण तोंडावाटे घेतलेल्या गोळीतला सरासरी १५ टक्के भागच यकृतातून पार होऊन रक्तात पोहोचतो, आणि जो पोहोचतो त्यातला निम्मा पाऊण-एक तासात निघून जातो.

दुसरी गोष्ट, अँटिऑक्सिडंट देऊन आजार थांबवण्याचे प्रयत्न पूर्वी झाले आहेत आणि त्यांचे निकाल आपण विसरू नयेत. पार्किन्सनच्या सुरुवातीच्या अवस्थेतल्या ८०० रुग्णांवर अमेरिका आणि कॅनडात डेटाटॉप नावाची चाचणी झाली. त्यात जीवनसत्त्व ई रोज २,००० एककांपर्यंत दिले आणि १९९३ साली निकाल आला की आजाराच्या वाटचालीत काहीही फरक पडला नाही. कोएन्झाइम क्यू१० वरची ६०० रुग्णांची चाचणी फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून थांबवली गेली. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटिनची चाचणी झाली. १९९४ सालचा निकाल असा की ज्यांना ते दिले त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी वाढले. ही सगळी द्रव्ये परीक्षानळीत उत्तम अँटिऑक्सिडंट होती.

तिसरी गोष्ट बाटलीविषयी. अमेरिकेत मेलाटोनिन १९९४ च्या कायद्यानुसार आहारपूरक म्हणून विकले जाते, औषधासारखी त्याची कसोटी लागत नाही. २०१७ साली कॅनडातल्या संशोधकांनी बाजारातली ३१ उत्पादने तपासली. काहींत लेबलवर लिहिल्यापेक्षा ८३ टक्के कमी, तर एकात ४७८ टक्के जास्त मेलाटोनिन निघाले, आणि आठ उत्पादनांत सेरोटोनिन सापडले, जे असायलाच नको होते. शिरोलीकर, तुमच्या बाटलीवर १० लिहिले आहे म्हणून आत १० आहे असे धरून चालू नका.

सूक्ष्मदर्शी

वजनकाटा काका, प्रमाणाचा मुद्दा मला मान्य आहे आणि वर्गातही मी तो सांगते. पण त्याने विषय संपत नाही. मेलाटोनिन स्वतः किती मूलके टिपते याहून ते पेशीला काय करायला लावते हे महत्त्वाचे असावे, असे आता पुष्कळ संशोधक मानतात. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज यांसारखी विकरे वाढवणे, संरक्षक जनुके चालू करणाऱ्या एनआरएफ-२ या प्रथिनाला जागे करणे, तंतुकणिकांमधून इलेक्ट्रॉन मुळातच कमी निसटतील असे पाहणे, ही ती कामे. यासाठी रेणूंची गर्दी लागत नाही, कारण संप्रेरक, म्हणजे हार्मोन, हा निरोप्या असतो. एमटी-१ आणि एमटी-२ हे त्याचा निरोप घेणारे पेशीवरचे दोन ग्राहक (रिसेप्टर) इतक्या अल्प प्रमाणालाही प्रतिसाद देतात. शिवाय मेंढ्यांमध्ये मेंदूच्या पोकळीतल्या द्रवात, पीनियल ग्रंथीलगत, मेलाटोनिन रक्तातल्यापेक्षा कितीतरी अधिक आढळले आहे. रक्तातला आकडा मेंदूला जसाच्या तसा लावता येणार नाही.

प्रयोगांबद्दल मात्र एक गोष्ट मीच सांगते, कारण ती सहसा सांगितली जात नाही. पार्किन्सनच्या अभ्यासासाठी उंदरांना एमपीटीपी नावाचे विष देतात. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुणांनी अशुद्ध नशाद्रव्य टोचून घेतले आणि त्यांना अचानक पार्किन्सनसारखा आजार झाला, तेव्हा हे विष उजेडात आले. अशा उंदरांना मेलाटोनिन दिल्यावर अनेक प्रयोगांत डोपामिनच्या पेशी वाचल्या. पण त्या प्रयोगांत बहुधा विषाच्या आधी किंवा विषाबरोबरच मेलाटोनिन दिलेले असते. माणूस दवाखान्यात येतो तेव्हा त्या भागातल्या निम्म्याच्या आसपास पेशी आधीच गेलेल्या असतात. मात्राही मोठी असते, दर किलोला ५ ते १० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला सरळ गुणले तर ३०० ते ६०० मिलिग्रॅम होतात, आणि उंदीर व माणूस यांच्या शरीराच्या पृष्ठभागाचा हिशेब करून कमी केले तरी २५ ते ५० उरतात. आणि सर्वांत विचार करायला लावणारी बाब अशी की या कामात सर्रास वापरली जाणारी सी५७ ब्लॅक-६ ही उंदरांची जात स्वतः मेलाटोनिन जवळजवळ तयारच करत नाही. ज्याच्याकडे ते नाहीच, त्याला दिल्याने जो फरक पडेल तो तुमच्या बाबांना दिल्याने पडेल असे कसे म्हणावे?

वजनकाटा

उंदरांच्या त्या जातीची गोष्ट मला माहीत नव्हती. ताई, धन्यवाद. निरोप्याची उपमा पटली. मी माझे म्हणणे एवढ्यावर आणतो, की यंत्रणा शक्य आहे आणि माणसांमधला पुरावा तोकडा आहे.

दारेधरी

मी शिरोळ तालुक्यातला ऊस उत्पादक. शेतीपंपाची वीज आठवड्यातून काही दिवस रात्रीच मिळते, त्यामुळे पाणी पाजायला मध्यरात्री जावे लागते आणि दारे धरून पहाटे परत यायचे. डोक्याला बॅटरी बांधलेली असते. वीस वर्षे हे चालले आहे. रात्रपाळीने मेलाटोनिन कमी होते म्हणता, तर ते आम्हा शेतकऱ्यांनाही लागू आहे का? आमच्या गल्लीतही दोघांना हाच कंपवात आहे, म्हणून विचारतो.

सूक्ष्मदर्शी

दारेधरी दादा, मेलाटोनिन जागे राहिल्याने कमी होत नाही, डोळ्यांत उजेड गेल्याने कमी होते. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचे काम पाहणे नसून उजेड आहे की नाही एवढेच कळवणे असते, आणि त्या ४६० ते ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त जागतात. तिथून निरोप मेंदूतल्या घड्याळाला, तिथून पाठीच्या कण्यात उतरून मानेतल्या चेतागंडिकेपर्यंत आणि तिथून पुन्हा वर पीनियल ग्रंथीला, असा लांबचा वळसा आहे. अंधाऱ्या रानात कपाळावरची बॅटरी पुढच्या सरीवर पडते, तुमच्या डोळ्यांत थेट नाही, म्हणून रात्रभर पांढऱ्या दिव्यांखाली उभ्या असलेल्या कामगारापेक्षा तुमचे मेलाटोनिन बरेच कमी दबत असावे. पिवळसर उजेडाची बॅटरी मिळाली तर आणखी चांगले. पण झोप मोडते ती मोडतेच, आणि तिचे नुकसान वेगळे आहे.

कंपवाताबद्दल मात्र तुमच्या व्यवसायात रात्रपाळीपेक्षा कीटकनाशकांचा विचार आधी करायला हवा. पॅराक्वाट या तणनाशकाचा आणि पार्किन्सनचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, आणि ते द्रव्य पेशीत जाऊन नेमके सुपरऑक्साइडच तयार करते. फवारताना हातमोजे, मुखपट्टी आणि वाऱ्याची दिशा सांभाळा.

दारेधरी

आमच्याकडे बांधावरचे तण मारायला ते सर्रास वापरतात आणि पंप पाठीवर घेऊन उघड्या हातांनी मारतात. उद्याच दोघा-चौघांशी बोलतो.

मोहरीफोडणी

मला आहाराबद्दल विचारायचे होते. मोहरी, अक्रोड, पिस्ते, दूध यांत मेलाटोनिन असते असे वाचले. गोळीपेक्षा अन्नातून घेणे बरे नाही का? आपल्याकडे गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचे ताजे दूध समोर काढून मिळते, आणि पहाटे अंधारात काढलेल्या दुधात ते जास्त असते म्हणे.

वजनकाटा

असते, आणि अंधारात काढलेल्या दुधात जास्त असते हेही खरे आहे. मात्र हिशेब करून पाहा. मोहरीत एका ग्रॅमला साधारण सव्वाशे ते दोनशे नॅनोग्रॅम मेलाटोनिन मोजले गेले आहे, आणि बियाण्यांत हे प्रमाण बरेच वरचे आहे. तीन मिलिग्रॅमच्या एका गोळीइतके मिळवायला पंधरा ते चोवीस किलो मोहरी लागेल. एका फोडणीत आपण पाच ग्रॅम टाकतो. दुधात तर ते पिकोग्रॅमच्याच हिशेबात असते. दूध जरूर प्या, प्रथिनांसाठी आणि कॅल्शियमसाठी. फक्त शिरोलीकरांच्या बाबांनी लेव्होडोपाच्या गोळीबरोबर दूध घेऊ नये, कारण प्रथिनांमुळे त्या औषधाचे शोषण कमी होते. गोळी जेवणाआधी अर्धा-एक तास, पाण्याबरोबर.

शिरोलीकर

हे आम्हाला माहीतच नव्हते. बाबा सकाळची गोळी कपभर दुधाबरोबरच घेतात आणि दहापर्यंत हात सुटत नाही अशी तक्रार करतात. उद्यापासून बदलतो.

अंतर्मुख

पीनियल ग्रंथी म्हणजेच आज्ञाचक्र असे आमच्या योगवर्गात सांगतात. ध्यानाने तिचा स्राव वाढवून हेच संरक्षण मिळवता येणार नाही का?

सूक्ष्मदर्शी

देकार्तनेही सतराव्या शतकात या ग्रंथीला आत्म्याचे स्थान म्हटले होते, कारण मेंदूत बाकी सारे जोडीने असते आणि ही मधोमध एकटीच. काही सरड्यांमध्ये तिच्याशी जोडलेला, उजेड ओळखणारा डोळा टाळूवर असतोही. पण माणसात ती मेंदूतल्या घड्याळाच्या आणि डोळ्यांकडून आलेल्या उजेडाच्या निरोपावर चालते. संध्याकाळी दिवे मंद करून शांत बसण्याने झोप सुधारत असेल तर जरूर बसावे, मी स्वतः बसते. त्याने चेतापेशी वाचतात असे मात्र मी म्हणणार नाही.

तिसरीपाळी

मी परिचारिका आहे आणि महिन्यातले दहा दिवस रात्रपाळी करते. शिरोलीकरांच्या बाबांबद्दल वाचून मन भरून आले, म्हणून दोन गोष्टी लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली शरीराचे घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला 'कर्करोगास बहुधा कारणीभूत' या गटात टाकले आणि २०१९ साली ते मत कायम ठेवले. त्यामागच्या संभाव्य कारणांत मेलाटोनिन दबणे हे एक धरले जाते. तरीही रात्रपाळीमुळेच पार्किन्सन झाला असे कुणी म्हटले तर कृपया मनावर घेऊ नका, तसे सिद्ध झालेले नाही.

दुसरे, बाबांना रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल किंवा अॅटेनोलोलसारखी गोळी आहे का? या वर्गातली औषधे पीनियल ग्रंथीकडे जाणारा निरोपच अडवतात आणि रात्रीचे मेलाटोनिन कमी करतात. वॉरफेरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी असेल तर मेलाटोनिनने तिचा परिणाम वाढू शकतो. आणि फ्लुवोक्सामिन हे नैराश्यावरचे औषध यकृतातले विकर रोखून मेलाटोनिनची रक्तातली पातळी कितीतरी पटींनी वाढवते. डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, चिठ्ठीवर भरवसा ठेवू नका.

करवीरवैद्य

धागा शांतपणे वाचला. मी गेली अनेक वर्षे वैद्यकीय व्यवसाय करतो, मेंदूविकारतज्ज्ञ नाही. शिरोलीकर, एक प्रश्न विचारतो, आणि त्याचे उत्तर आईला विचारून द्या. बाबा झोपेत ओरडतात का, हातपाय झाडतात का, स्वप्नात कुणाशी झटापट करत असल्यासारखे वागतात का?

शिरोलीकर

डॉक्टर साहेब, हे तुम्हाला कसे कळले? आईला विचारले तर ती आधी गप्प बसली आणि मग म्हणाली की गेली दहा-बारा वर्षे हे चालले आहे. पहाटे तीन-चारच्या सुमारास बाबा "बाजूला व्हा, रस सांडतोय" असे ओरडतात आणि हात जोरात फिरवतात. मागच्या वर्षी तिच्या मनगटावरची बांगडी फुटून काच रुतली होती. तिने आम्हाला नळावर लागले म्हणून सांगितले. फौंड्रीतली भीती मनात राहिली असेल असे समजून तिने कुणाला काही सांगितले नाही.

करवीरवैद्य

आईंना माझा नमस्कार सांगा. स्वप्ने पडतात त्या झोपेत, म्हणजे आरईएम अवस्थेत, मेंदू शरीराचे स्नायू सैल करून ठेवतो. ती व्यवस्था बिघडली की माणूस स्वप्नातले प्रत्यक्षात करू लागतो. या विकाराचे वर्णन अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात शेंक आणि माहोवाल्ड यांनी १९८६ साली केले, आणि पुढे लक्षात आले की कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधीच तो पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये दिसू लागतो. विषय फौंड्रीचा असला तरी कारण फौंड्रीची भीती नसावी, हा आजाराचाच भाग असण्याची शक्यता फार आहे.

आणि मेलाटोनिन या प्रकरणात खरोखर कामाला येते ते इथे. या झोपविकारावर क्लोनाझेपाम आणि मेलाटोनिन ही दोन औषधे वापरली जातात. क्लोनाझेपामने वयस्कांचा तोल जाण्याचा धोका असतो, म्हणून तुमच्या बाबांसारख्यांना पुष्कळदा मेलाटोनिन आधी देऊन पाहतात, सहसा ३ मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवत. पुरावा इथेही निर्विवाद नाही. पार्किन्सनच्या ३० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत सावकाश विरघळणाऱ्या ४ मिलिग्रॅमच्या गोळीने खोट्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. पण प्रत्यक्षात काहींना निश्चित आराम पडतो. त्याने पेशी वाचतात का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर माणसांत आजवर मिळालेले नाही. अल्झायमरच्या १५७ रुग्णांवर झालेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर झोपेतही म्हणण्यासारखी सुधारणा दिसली नव्हती.

औषध काहीही ठरो, आजच पलंग काढून गादी जमिनीवर घाला, बाजूचे टेबल हलवा आणि आईंना काही दिवस वेगळे झोपू द्या. शक्य असेल तर रात्रीचे मोबाइलवर चित्रण करा, तज्ज्ञांना ते शंभर शब्दांपेक्षा उपयोगी पडेल.

पंचगंगाकाठ

एवढी वर्षे त्या माउलीने सोसले आणि कुणाला कळू दिले नाही. माझे आजोबाही असेच झोपेत ओरडत आणि आम्ही ती बाहेरची बाधा समजून अंगारा लावत असू. त्यांना पुढे कंपवात झाला.

शिरोलीकर

बारा दिवसांनी लिहितो आहे. काल मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाऊन आलो. चित्रण दाखवल्यावर त्यांनी ते दोनदा पाहिले, आईला पुष्कळ प्रश्न विचारले आणि हाच झोपविकार असल्याचे सांगितले. पिशवीतल्या पट्ट्या पाहून रक्तदाबाच्या गोळीबद्दल ते हृदयरोगतज्ज्ञांशी बोलणार आहेत. मेलाटोनिन ३ मिलिग्रॅम, झोपण्याआधी अर्धा तास, असे लिहून दिले, ते झोपेतल्या झटापटीसाठी. अमेरिकेची बाटली बाजूला ठेवायला सांगितली. पेशी वाचण्याबद्दल मी स्पष्ट विचारले. ते म्हणाले, "तसे वचन मी देणार नाही, रोज चालणे मात्र सोडू देऊ नका."

घरी आल्यावर बाबांना हे कसे सांगावे कळत नव्हते. शेवटी जे होते ते सांगितले. गोळी सुरू होते आहे, ती आईला लागू नये म्हणून आणि तुम्हाला झोप लागावी म्हणून. हात थरथरायचा थांबेल असे नाही. बाबा बराच वेळ आईच्या मनगटाकडे बघत बसले. त्यांना आजवर ठाऊकच नव्हते. मग म्हणाले, "दे, आज रात्रीपासूनच दे."

सकाळची लेव्होडोपा आता पाण्याबरोबर, साडेसहाला. नऊच्या आधी हात सुटतो. रंकाळ्याला एक फेरी मारून येतात.

आईने एका जुन्या वहीत रात्रीच्या नोंदी लिहायला सुरुवात केली आहे. कालची पहिली ओळ अशी आहे: "साडेतीनला एकदा ओरडले. हात फिरवला नाही." महिन्याने वही घेऊन पुन्हा जायचे आहे. पुढे काय झाले ते इथेच लिहीन.

करवीरवैद्य

वहीत गोळी घेतल्याची वेळ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुंगी होती की नाही, हेही आईंना लिहायला सांगा. एका रात्रीवरून काही ठरवू नका.

तिसरीपाळी

आणि रात्री बाथरूमला उठतील तेव्हा ट्यूबलाइट लावू नका. जमिनीलगत लहानसा तांबडा दिवा लावून ठेवा, म्हणजे पडणारही नाहीत.